फसलेल्या भाकितांची यादी खरी आहे, पण तिचा अर्थ काय काढायचा?



आज नवा फोन नाही, नवं अ‍ॅप नाही. आज आपण एका व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डचं डीबगिंग करणार आहोत.

तो फॉरवर्ड साधारण असा असतो. सत्तरच्या दशकात म्हणाले हिमयुग येणार, आलं नाही. म्हणाले जग उपाशी मरणार, मेलं नाही. ओझोनला भोक पडलं म्हणून ओरडले, आता कुणी नावही काढत नाही. मालदीव बुडणार होतं, लोक अजून हनिमूनला तिथेच जातात. हिमालयातला बर्फ संपणार होता, आर्क्टिकचा संपणार होता, काहीही संपलं नाही. मग आता ‘क्लायमेट चेंज, क्लायमेट चेंज’ म्हणून घाबरवणाऱ्यांवर विश्वास का ठेवायचा?

प्रश्न चुकीचा नाही. आणि हा फॉरवर्ड मी स्वतः पाठवलेला आहे, म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

गोष्ट २०१९ ची

नोव्हेंबर २०१९. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्या दिवसांत सगळीकडे मुंबईचा एक नकाशा फिरत होता. अर्धी मुंबई निळी, आणि वर लिहिलेलं, ‘२०५० पर्यंत मुंबई बुडणार’. आमच्या फॅमिली ग्रुपवरही तो आला. माझ्या मामाचं चिपळूणच्या बाजारपेठेत किराणा दुकान आहे. २००५ च्या पुरात त्याचं नुकसान झालं होतं, त्यामुळे दुकानावर एक खोली काढावी, पावसाळ्यात माल वर ठेवता येईल, असं त्याच्या डोक्यात बरेच दिवस होतं. नकाशा बघून त्याने ग्रुपवर विचारलं, “काय रे, तू इंजिनिअर होणार ना? हे खरं आहे का? खोली काढून टाकू का?”

मी रुबाबात ती फसलेल्या भाकितांची यादी चिकटवली आणि खाली लिहिलं, “मामा, हे लोक दर दहा वर्षांनी असंच घाबरवतात. उगाच खर्च करू नकोस.”

खोली काढली नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि मामाच्या दुकानात पंख्याला लागलं. माणसं शेजारच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. माल एकही वाचला नाही.

मामाने मला कधी बोल लावला नाही. पण त्यानंतर मी ती यादी पुन्हा उघडली आणि एकेक ओळ तपासायला घेतली. कारण कोडिंगमध्ये आपण असंच करतो. दहा टेस्ट फेल झाल्या तर ‘सगळं सॉफ्टवेअर भंगार’ म्हणून मोकळं होता येत नाही. कुठली टेस्ट कशामुळे फेल झाली, हे एकेक करून बघावं लागतं. कधी कोड चुकीचा असतो, कधी टेस्टच चुकीची लिहिलेली असते, आणि कधी मधल्या काळात कुणीतरी बग दुरुस्त केलेला असतो.

यादी तपासल्यावर मला तिच्यात वेगवेगळ्या जातीची भाकितं सापडली. चला, बघू या.

पहिली जात: खरोखर फसलेली

इथे सारवासारव नको. काही भाकितं सपशेल फसली आहेत.

१९६८ साली अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांचं ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ हे पुस्तक आलं. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरतील, आता काहीही केलं तरी हे टळणार नाही, असा त्याचा सूर होता. भारताबद्दल तर त्यांना आशाच नव्हती. प्रत्यक्षात काय झालं? नॉर्मन बोरलॉग यांची गव्हाची बुटकी वाणं आली, आपल्याकडे एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती इथल्या शेतात रुजवली आणि हरित क्रांती झाली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राचे प्रचंड हाल झाले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, रेशनवरचा लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी त्यांना अजून आठवते. पण मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख लोक सरकारी दुष्काळी कामांवर होते, हातात मजुरी होती, आणि पुस्तकात रंगवलेला महासंहार झाला नाही. तेव्हा भारताची लोकसंख्या साधारण ५५ ते ६० कोटी होती, आज १४० कोटींच्या वर आहे.

एर्लिक यांची एक पैजही प्रसिद्ध आहे. १९८० मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी त्यांना सांगितलं, कुठलेही धातू निवडा, दहा वर्षांनी ते स्वस्तच होतील. एर्लिक आणि सहकाऱ्यांनी तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन निवडले, प्रत्येकी २०० डॉलरचे. १९९० मध्ये महागाई वजा जाता भाव उतरले होते, आणि एर्लिक यांनी ५७६ डॉलर ७ सेंटचा चेक पाठवला. (नंतर लोकांनी हिशोब करून दाखवलं की वेगळं दशक निवडलं असतं तर एर्लिक अनेकदा जिंकले असते. म्हणजे सायमन यांनाही नशिबाची साथ होती.)

दुसरं उदाहरण अल गोर यांचं. डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत ते म्हणाले की पाच ते सात वर्षांत उन्हाळ्यात उत्तर ध्रुवावरचा बर्फ पूर्ण नाहीसा होण्याची शक्यता ७५ टक्के आहे. ज्या शास्त्रज्ञाचा त्यांनी हवाला दिला, त्यांनी लगेच सांगितलं की असा आकडा मी दिलेला नाही. २०१६ उलटलं, बर्फ होताच. पण बर्फाचं क्षेत्र घटतंय, हेही तितकंच खरं. सप्टेंबरमधला नीचांक १९८० च्या सुमारास ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असायचा. २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला, आणि त्यानंतर तो विक्रम मोडलेला नाही. म्हणजे दिशा बरोबर होती, तारीख चुकली. फोनची बॅटरी खराब होतेय हे खरं असू शकतं, पण ‘मंगळवारी मरणार’ हे तरीही चुकू शकतं.

तिसरं उदाहरण आपल्या घरातलं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं.

२०३५ चा बग

२००७ साली आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या अहवालात एक वाक्य छापलं गेलं: हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, किंवा त्याआधीही, नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा समितीचे अध्यक्ष भारताचे राजेंद्र पचौरी होते. गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे वाक्य किती मोठं होतं ते कळेल.

हा आकडा आला कुठून? माग काढला तेव्हा साखळी अशी निघाली: १९९९ मध्ये एका विज्ञान साप्ताहिकात एका भारतीय शास्त्रज्ञाशी बोलून छापलेली बातमी, त्यावरून २००५ मध्ये एका पर्यावरण संस्थेचा अहवाल, आणि त्यावरून आयपीसीसी. मूळ संशोधन निबंध कुठेच नाही! १९९६ च्या एका रशियन शास्त्रज्ञाच्या अहवालात २३५० साल होतं, तेच उलटसुलट होऊन २०३५ झालं असावं, असंही अनेकांचं म्हणणं आहे. कॉपी-पेस्ट करताना व्हेरिएबल कुठून आला हे कुणीच बघितलं नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयाने व्ही. के. रैना या अनुभवी भूवैज्ञानिकांचा चर्चानिबंध प्रसिद्ध केला. तेव्हा मंत्री जयराम रमेश होते. हिमनद्या इतक्या झपाट्याने वितळत असल्याचा पुरावा नाही, असं त्यात म्हटलं होतं. पचौरींनी त्याला ‘वूडू सायन्स’ म्हटलं, म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान. दोन महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला चूक कबूल करावी लागली.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, चूक उघड करण्यात हिमनद्यांवर काम करणारे शास्त्रज्ञच पुढे होते. शंका घेणं म्हणजे विज्ञानाच्या विरोधात जाणं नव्हे, ते विज्ञानाचंच काम आहे. आणि प्रश्न विचारणाऱ्याची टिंगल करणारा नेहमी बरोबर असतोच असंही नाही.

दुसरी गोष्ट, २०३५ चुकलं म्हणून हिमनद्या ठणठणीत आहेत असं होत नाही. २०१९ मध्ये एक भन्नाट अभ्यास आला. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेचे हेरगिरी करणारे उपग्रह फिल्मवर फोटो काढत होते. ते फोटो गुप्त यादीतून बाहेर आल्यावर संशोधकांनी कॉम्प्युटरवर त्यांची त्रिमिती मॉडेल्स बनवली आणि २००० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या ६५० हिमनद्या आजच्या उपग्रह डेटाशी ताडून बघितल्या. निष्कर्ष: १९७५ ते २००० या काळात बर्फ ज्या वेगाने घटत होता, त्याच्या दुप्पट वेगाने तो २००० ते २०१६ मध्ये घटला. हे जास्त हळू आहे, पण हे मोजलेलं आहे.

दुसरी जात: जे शास्त्रज्ञांनी एकमुखाने म्हटलंच नव्हतं

‘सत्तरच्या दशकात सगळे म्हणत होते हिमयुग येणार.’ सगळे म्हणजे कोण? एप्रिल १९७५ मध्ये ‘न्यूजवीक’ने थंड होत चाललेल्या जगावर एक पानाचा लेख छापला होता, तो आजही स्क्रीनशॉट म्हणून फिरतो. तो खोटा नाही. १९४० नंतर काही दशकं तापमान थोडं उतरलं होतं, आणि धुरातले बारीक कण सूर्यप्रकाश अडवतात, म्हणून पृथ्वी थंड होईल असं काही शास्त्रज्ञांना वाटत होतं.

पण २००८ मध्ये तीन जणांनी सरळ मोजदाद केली. १९६५ ते १९७९ दरम्यानचे संशोधन निबंध काढले आणि कोण काय म्हणतंय ते बघितलं. थंडी वाढेल म्हणणारे ७. कुठलीच बाजू न घेणारे २०. तापमान वाढेल म्हणणारे ४४. म्हणजे त्या काळातही पारडं तापमानवाढीकडेच झुकलेलं होतं. मासिकाचा मथळा म्हणजे संशोधन नव्हे. आजच्या भाषेत, थंबनेल म्हणजे व्हिडिओ नव्हे!

तिसरी जात: दुरुस्ती केली म्हणून न घडलेली

ही जात आपल्या क्षेत्रातली आहे, त्यामुळे मला पटकन समजली. माझ्या ऑफिसातले एक सीनिअर सर नव्वदच्या दशकात वायटूके प्रोजेक्टवर होते. जुन्या कोबोल प्रोग्राममध्ये साल दोन आकड्यांत साठवलेलं असायचं. १९९९ नंतर ०० आलं की मशीन १९०० समजणार, अशी भीती होती. १ जानेवारी २००० ला जवळपास काहीच झालं नाही, आणि लोक म्हणाले, बघा, उगाच बाऊ केला. सर आजही चिडतात. “अरे, आम्ही वर्षानुवर्षं रात्र रात्र जागून लाखो ओळी तपासल्या म्हणून काही झालं नाही!” भारतातल्या आयटी कंपन्यांना मोठं बळ मिळालं, त्यात या कामाचा वाटा होता.

ओझोनचं अगदी तसंच आहे. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन थर झपाट्याने विरळ होत असल्याचं दाखवलं. कारण फ्रिज, एसी आणि स्प्रेमधले सीएफसी वायू. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि जगाने टप्प्याटप्प्याने ते वायू बंद केले. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या मूल्यमापनानुसार ओझोनचा थर अंटार्क्टिकावर साधारण २०६६ पर्यंत आणि जगाच्या बहुतेक भागांत २०४० पर्यंत १९८० च्या पातळीला येईल. आता कुणी ओझोनचं नाव काढत नाही, कारण औषध लागू पडलं.

म्हणून ही ओळ ‘फसलेल्या’ यादीत टाकणं म्हणजे हेल्मेट घातलेल्या माणसाला म्हणणं, बघ, डोकं कुठे फुटलं, हेल्मेटचे पैसे वाया गेले!

आणि मालदीव?

१९८८ मध्ये बातमी आली होती की येत्या ३० वर्षांत मालदीवची बेटं पाण्याखाली जाऊ शकतात. २०१८ गेलं, मालदीव आहे. का? कारण ही बेटं दगडाची नाहीत, प्रवाळाच्या चुऱ्याची आहेत. लाटा चुरा एका बाजूने खातात आणि दुसऱ्या बाजूला टाकतात, त्यामुळे बेट सरकतं, आकार बदलतं. तुवालू या पॅसिफिकमधल्या देशाच्या १०१ बेटांचे १९७१ ते २०१४ चे फोटो तपासले तेव्हा एकूण जमीन २.९ टक्के वाढलेली दिसली. हे भीती दाखवणाऱ्यांनी हिशोबात धरलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. पण विहिरीत खारं पाणी शिरणं आणि मोठ्या भरतीला गावात पाणी येणं हे प्रश्न जमिनीच्या क्षेत्रफळात दिसत नाहीत, हेही खरं.

मग मुंबईच्या निळ्या नकाशाचं काय?

आता ज्या नकाशापासून हे सगळं सुरू झालं, त्याकडे येऊ. तो क्लायमेट सेंट्रल या अमेरिकी संस्थेच्या संशोधनावरून आला होता. टेक्नॉलॉजीच्या नजरेने बघितलं तर गंमत कळते.

फेब्रुवारी २००० मध्ये नासाने अंतराळयानातून रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. पण रडारला जमीन नाही, इमारतीची गच्ची आणि झाडाचा शेंडा दिसतो. त्यामुळे शहरं खऱ्यापेक्षा उंच भासतात. या संशोधकांनी न्यूरल नेटवर्क वापरून ती चूक दुरुस्त केली, आणि किनारे आपण समजत होतो त्यापेक्षा बरेच सखल निघाले. जुन्या डेटानुसार २०५० मध्ये वर्षातून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली सुमारे ८ कोटी लोक असणार होते. नव्या डेटानुसार ३० कोटी.

मथळा झाला ‘३० कोटी लोक बुडणार’. पण त्याच निबंधानुसार आजही त्या पातळीखाली २५ कोटी लोक राहतात! म्हणजे निळ्या रंगाचा बराचसा भाग भविष्यात बुडणारा नव्हता, तो आजच सखल होता. शिवाय नकाशात भिंती, बांध, पंप धरलेले नव्हते. मुंबई तर सात बेटांमध्ये भराव टाकून बनलेलं शहर आहे, सखल असणारच. नकाशाचा खरा अर्थ होता, ‘इथे जमीन खाली आहे, त्यामुळे समुद्र थोडा वाढला तरी जास्त लोकांना फटका बसेल’. पोहोचला तो अर्थ, ‘मुंबई बुडणार’.

समुद्र खरोखर किती वाढलाय? १९०१ ते २०१८ मध्ये जगभरात सरासरी २० सेंटीमीटर. पण वेग वाढतोय: आधी वर्षाला १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ मध्ये ३.७ झाला. १९९५ ते २०१४ च्या तुलनेत २०५० पर्यंत साधारण १५ ते ३० सेंटीमीटर वाढ अपेक्षित आहे. हा हॉलिवूडचा सिनेमा नाही. पण जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर नाल्याचं पाणी समुद्रात जात नाही, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

यादीत नसलेली भाकितं

आता यादीतला सगळ्यात मोठा दोष. तिच्यात फक्त फेल झालेल्या टेस्ट आहेत. पास झालेल्या गाळल्या आहेत!

१९७० ते २००७ दरम्यान प्रसिद्ध झालेली तापमानाची १७ मॉडेल भाकितं संशोधकांनी नंतर प्रत्यक्ष तापमानाशी ताडून बघितली. १७ पैकी १० थेट जुळली. इनपुट दुरुस्त केल्यावर, म्हणजे लोक किती धूर सोडतील हा अंदाज बाजूला ठेवून फक्त भौतिकशास्त्र तपासल्यावर, १४ जुळली. जेम्स हॅन्सन यांचं १९८८ चं भाकीत जास्तीचं निघालं. त्याचं एक मोठं कारण काय, माहितीये? त्यांनी सीएफसी वायू वाढत जातील असं धरलं होतं, आणि माँट्रियल कराराने ते थांबवले. एका दुरुस्तीमुळे दुसरं भाकीत चुकलं!

स्युकुरो मानाबे यांनी साठच्या दशकात, आजच्या साध्या फोनपेक्षा कितीतरी कमी ताकदीच्या कॉम्प्युटरवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशोब मांडला होता. २०२१ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७९ च्या एका अमेरिकी अहवालाने म्हटलं होतं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान सुमारे ३ अंशांनी वाढेल, दीड अंश इकडेतिकडे. आजचाही सर्वोत्तम अंदाज ३ आहे. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांचे जुने अंदाजसुद्धा २०२३ च्या तपासणीत बहुतांशी बरोबर निघाले.

शंकेखोरांच्या बाजूचीही टेस्ट घेऊ या, नाहीतर अन्याय होईल. नव्वदच्या दशकात अलाबामातल्या दोन शास्त्रज्ञांचा उपग्रह डेटा दाखवत होता की वातावरण फारसं तापत नाहीये. हे दोघं प्रामाणिक, नामांकित लोक. पण उपग्रह हळूहळू खाली घसरतो आणि रोज ठरलेल्या वेळी जागेवरून जाण्याची त्याची वेळही सरकते. ती दुरुस्ती करताना एका ठिकाणी अधिक-उण्याचं चिन्ह उलटं पडलं होतं. २००५ मध्ये दुसऱ्या टीमने ते पकडलं, मूळ शास्त्रज्ञांनी चूक मान्य करून डेटा दुरुस्त केला. आज त्याच मालिकेत दर दशकाला सुमारे ०.१५ अंश वाढ दिसते. एक उलटं चिन्ह! मित्रांनो, आपण सगळ्यांनी असा बग कधी ना कधी केलाय.

आणि रिचर्ड म्युलर. कॅलिफोर्नियातल्या या भौतिकशास्त्रज्ञाला तापमानाच्या नोंदींवर शंका होती: शहरांची उष्णता मिसळली असेल, केंद्रं चुकीच्या जागी असतील. मी फक्त फॉरवर्ड केला होता, त्यांनी स्वतः टीम जमवली, कोट्यवधी नोंदी पुन्हा तपासल्या. पैसे देणाऱ्यांत तेल उद्योगाशी संबंधित कोक कुटुंबाची संस्थाही होती. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर लिहिलं: तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ सगळी माणसामुळे आहे. शंका घ्यायची तर अशी!

घाबरवणाऱ्या भाषेचा तोटा

तरीही एक तक्रार माझी कायम आहे. ‘फक्त १२ वर्षं उरली’ हे वाक्य आठवतंय? २०१८ च्या आयपीसीसी अहवालात म्हटलं होतं की तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर २०३० पर्यंत उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्के कमी व्हायला हवं. ते ध्येय होतं, जगबुडीची तारीख नव्हती. २०३१ उजाडेल, आपण फोन बघत असू, आणि कुणीतरी यादीत आणखी एक ओळ वाढवेल.

तसंच कित्येक वर्षं बातम्यांमध्ये ‘असंच चालू राहिलं तर’ म्हणून एक टोकाचं चित्र दाखवलं गेलं, ज्यात या शतकात कोळशाचा वापर कित्येक पटींनी वाढणार होता. २०२० मध्ये हवामान संशोधकांनीच लिहिलं की हे आता ‘असंच चालू राहिलं तर’ नाही, हे टोक आहे. सौरऊर्जा स्वस्त झाली. सध्याच्या धोरणांनी शतकाअखेर वाढ साधारण अडीच ते तीन अंशांच्या आसपास दिसते. हे पूर्वीच्या टोकापेक्षा कमी आहे आणि तरीही गंभीर आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

फॉरवर्ड करण्याआधी पाच प्रश्न

१. हे कोण म्हणालं: संशोधन निबंध, राजकारणी, की मथळा?
२. आकडा मुळात कुठून आला? साखळीच्या शेवटपर्यंत जा. २०३५ आठवा.
३. ‘जर’ कुठे गेलं? बहुतेक भाकितं ‘जर असं केलं तर’ अशी असतात, फॉरवर्डमध्ये ‘जर’ उडतो.
४. दिशा चुकली की फक्त तारीख?
५. मधल्या काळात कुणी दुरुस्ती केली का?

हे प्रश्न घाबरवणाऱ्या फॉरवर्डलाही विचारा आणि ‘सगळं थोतांड’ म्हणणाऱ्या फॉरवर्डलाही.

मामाला काय सांगितलं

गेल्या दिवाळीत चिपळूणला गेलो होतो. मामाने पुन्हा विचारलं, “आता नीट सांग. पाणी परत येणार का?”

या वेळी मी यादी काढली नाही. मी म्हटलं, “मामा, तारीख कुणीच सांगू शकत नाही. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. पुण्याच्या हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल यांनी आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ चा पाऊस तपासला. मध्य भारताच्या पट्ट्यात, त्यात आपला महाराष्ट्रही येतो, एकदम मोठ्या भागावर कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस तिपटीने वाढलाय. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही, उलट घटलाय. पाऊस तोच, पण दणका मोठा. आणि तुझ्या पुराला नदीतला गाळ, भरती, पात्राजवळची बांधकामं हीसुद्धा कारणं आहेत. २००५ ला आला, २०२१ ला आला. तू पैज कुठल्या बाजूने लावशील?”

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे मुंबई बुडो न बुडो, माझा माल वर हवा.”

एवढं सोपं उत्तर होतं. २०१९ मध्ये माझी यादी बऱ्याच अंशी बरोबर होती, माझा सल्ला चुकीचा होता. नकाशा खोटा ठरवण्याच्या नादात मी मामाचा खरा प्रश्न वाचलाच नाही. त्याने जगाचं भविष्य विचारलं नव्हतं, त्याने एका खोलीबद्दल विचारलं होतं.

खोली आता झाली आहे. मीटर आणि स्विचबोर्डही वर घेतले आहेत. जूनपासून तांदळाच्या आणि साखरेच्या गोण्या वर जातात, गणपती झाले की खाली येतात. मी गेलो की गोण्या चढवायचं काम माझ्याकडे असतं, आणि मी काही बोलत नाही.